धोंड्याचा जावई आणि मुका कॉम्प्युटर

सासऱ्यांच्या घरातला चांगला चालणारा कॉम्प्युटर मी बिघडवला. कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं. अधिक महिन्यात धोंडे जेवायला म्हणून मांजरसुंब्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. जेवण झाल्यावर झोपायचं सोडून मेहुणीला म्हणालो, "हे विंडोज लई जड झालंय. लिनक्स टाकून देतो, पळतंय बघ."

पळायला लागलंही. फक्त आवाज गेला.

मेहुणीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा चार दिवसांवर होती आणि क्लासच्या सगळ्या तासांचे व्हिडिओ त्या कॉम्प्युटरवर होते. तिनं एक लावला. "दाजी, सरांचे ओठ हालायलेत, आवाज न्हाई."

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

त्या पाच मिनिटांत संध्याकाळची एसटी गेली. तीन वेगवेगळे प्लेअर टाकून पाहिले. तिन्हींत सर तितकेच मुके. प्रत्येकाचा आवाज शेवटपर्यंत ढकलला. स्पीकरचा लाल दिवा माझ्याकडं बघत होता. व्हिडिओ तिच्या मोबाइलात मावत नव्हते. माझ्यात मावले असते, पण मग मोबाइल इथंच ठेवून जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही मी त्याच खुर्चीत. अशा वेळी कुणी चार शिव्या दिल्या तर माणूस मोकळा होतो. पण मी धोंड्याचा जावई, मला कोण बोलणार? सासूबाई दर तासाला तुपात बुडवलेला धोंडा आणून ठेवायच्या. "खावा बापू, डोकं चालंल." सासरे दारात येऊन उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि परत जायचे. बायको तेवढी कानाशी येऊन म्हणाली, "कावून हात लावला तुमी? आता आवाज आल्याबिगर मी काय इथून निघत न्हाई. आई-बापाला तोंड दाखवायचंय मला."

मी टर्मिनल म्हणतात त्या काळ्या खिडकीत इंटरनेटवरच्या आज्ञा उतरवत होतो. सेटिंग उघडून माऊसनं लिनक्स दुरुस्त करणं मला कमीपणाचं वाटायचं. दुपारची एसटीसुद्धा गेली. धोंडा घशाशी आला होता.

हात धुवायला उठलो, तेवढ्यात मेहुणी खुर्चीत बसली. तिनं सेटिंग उघडलं आणि प्रश्नपत्रिका वाचावी तशी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आवाज कुठं पाठवायचा, अशी एक यादी होती. त्यात खूण होती स्क्रीनच्या नावापुढं. म्हणजे कालपासून आवाज इमानदारीत स्क्रीनला जात होता, आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नव्हता. तिनं खूण स्पीकरवर आणली.

मी ढकलून ठेवलेल्या आवाजात सरांनी रक्ताभिसरण सुरू केलं. गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. शेजारची म्हातारी कोण मेलं म्हणून बघायला आली. मेहुणीनं आवाज कमी केला, वही ओढली आणि माझ्याकडं न बघता लिहायला लागली.

मोकळा झालो म्हणून मी घाईनं बाहेर येऊन चपला चढवल्या; बॅग कॉम्प्युटरच्या खोलीतच राहिली होती, ती आणायला परत वळलो. सासरे आडवे आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलले.

"बापू, तुमी हितंच थांबा. बॅग मी आणतो. त्या खोलीत तुमी आता पाय ठिऊ नका."