कॅप्टन टाकसाळे आणि कोळपीचं बी

कुणाशीही नवी ओळख झाली की टाकसाळे त्याला आपली सायकल उचलायला लावायचा, तीही एका बोटाने. नमस्कार, नाव, गाव हे सगळं त्यानंतर. मी तेव्हा घोटीच्या पलीकडे, अभयारण्याला लागून असलेल्या भागात वनपाल होतो. पहिल्यांदा आला तेव्हा सायकल बाहेर न लावता तो ती थेट माझ्या टेबलापाशी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, आधी बोट द्या." वनपालाकडे लोक लाकडाच्या, गुरांच्या, बिबट्याच्या तक्रारी आणतात. बोट मागणारा हा पहिलाच. मी काही बोट दिलं नाही. आमच्या वनमजुराने दिलं आणि सायकल खरोखर उचलली गेली. टाकसाळेचा चेहरा असा फुलला, की सायकल जणू त्यानेच जन्माला घातली होती.

नाशकात त्याचं टाईल्सचं मोठं दुकान होतं. ते वडिलांनी उभं केलेलं आणि नोकरांनी चालवलेलं, त्यामुळे याला डोंगर हिंडायला सवडच सवड. दर रविवारी गाड्यांच्या टपावर सायकली बांधून त्याचा ग्रुप आमच्याकडे यायचा. ग्रुपमधले त्याला कॅप्टन म्हणत. कशाचा कॅप्टन, ते कुणी विचारत नसे. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची पँट लष्करी छापाची होती.

त्याची काही वाक्यं ठरलेली होती. परवानगीचा विषय निघाला की म्हणायचा, "साहेब, सायकलला धूर आहे का? आवाज आहे का? मग जंगलाला त्रास कसला?" आणि फार ताणलं की, "आहेर साहेब, तुम्ही जंगल राखता, मी जंगल जगतो." हे वाक्य त्याने माझ्या घरीसुद्धा ऐकवलं. तेव्हा सायकल आमच्या हॉलमध्ये, सोफ्याला टेकवून उभी होती आणि तिच्या चाकांची माती फरशीवर गळत होती. आम्ही नवराबायको मूळचे नामपूरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "हाऊ माणूस येडा शे का?" मी म्हटलं, येडा असता तर बरं झालं असतं.

खोटं कशाला बोलू, सायकल मात्र तो देखणी चालवायचा. जिथून मी काठी टेकत उतरलो असतो, तिथून तो पेडलवर उभा राहून पाण्यासारखा खाली यायचा. तेवढा वेळ त्याचं तोंड बंद असायचं, म्हणूनही असेल, पण पाहत राहावंसं वाटायचं.

चिंचाळवाडीच्या माथ्यावर आमच्या जंगलाची हद्द संपते. हद्दीवर ठिकठिकाणी दगड रचून, चुना मारून, आकडा घालून बुरूज केलेले असतात. हद्दीच्या खाली गायरान आणि गायरानाखाली भाताची खाचरं. एका उन्हाळ्यात कॅप्टनने हे गायरान हेरलं. हद्दीबाहेरचं, म्हणजे माझं तिथे काही चालायचं नाही, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं. ग्रुप फावडी घेऊन आला आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ नाकासमोर वाट खोदू लागला. वाडीची जुनी पायवाट आडव्या वळणांनी उतरते. ती त्याला पसंत नव्हती. "ही म्हातारीची वाट आहे," तो म्हणाला, "मला लाईन हवी."

मी म्हटलं, "टाकसाळे, उतारावर सरळ खोदलंत तर पावसाळ्यात तिथून ओढा वाहील."

"साहेब, वाहून वाहून किती वाहील?"

इथला पाऊस नाशकात बसून पाहणाऱ्या माणसाला काय सांगायचं? वर सुरुवातीलाच एक वळण होतं, तिथे सायकल बाहेर फेकली जाऊ नये म्हणून त्यांनी दगडमातीचा कमरेएवढा काठ बांधला. त्याला ते लोक बर्म म्हणत. मग त्या वाटेला नाव दिलं, मोबाईलवर चढवलं आणि दिवाळीनंतर तिथे मोठी शर्यत घ्यायचं जाहीर करून टाकलं.

वाटेच्या बरोबर खाली यमुनाबाईचं खाचर होतं. यमुनाबाई विधवा, बोलायला मोकळी. वाडीतल्या सगळ्यांनी केव्हाच इंद्रायणी आणि दुकानातली बियाणी धरली होती. हिने मात्र सासूच्या हातची कोळपी, म्हणजे भाताचं जुनं गावठी वाण, सोडली नव्हती. दरवर्षी कणसं निवडायची, सुकवायची, कणगीत राखून ठेवायची आणि पुढल्या साली तेच पेरायचं. "खायला कायबी चालंल," ती म्हणायची, "पन बी घरचं पायजे." आसपासच्या कुठल्याच घरात आता कोळपी उरली नव्हती.

आषाढात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो, तर यमुनाबाई बांधावर उभी होती आणि समोर रोपांचा वाफा नव्हताच. होता तो नुसता मुरूम. त्या कौतुकाच्या काठाने डोंगरभरचं पाणी अडवलं होतं आणि ते सगळं सरळ वाटेने खाली आणून वाफ्यावर ओतलं होतं. लावणीला आलेली रोपं मुरमाखाली गेली होती.

शेजाऱ्यांची रोपं उरली की ती नड असलेल्याला द्यायची, अशी तिकडे रीत आहे. तिलाही ती मिळाली असती. पण ती इंद्रायणीची. तिचं सगळं बी त्या वाफ्यात होतं. कणगीत मागे दाणा नव्हता.

ती रडली नाही. पदर खोचून वाफ्यात उतरली आणि हाताने मुरूम उकरायला लागली. पाठोपाठ वाडीतल्या बायका उतरल्या. निघेल ते रोप ओहळात धुवायचं, मोडलेलं टाकायचं, धड असेल ते ठेवायचं, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी एक लहानसं खाचर लावता येईल इतकी रोपं हाती लागली. ती तिथेच लावली. पण आभाळ पुन्हा भरत होतं आणि वरचा काठ तसाच उभा होता. तो पाडला नसता तर ही रोपंही गेली असती, आणि मग कोळपी कायमची संपली असती.

मी टाकसाळेला फोन केला. तो आला, ग्रुपसकट. गाडीतून बासमतीची दोन पोती उतरवली आणि यमुनाबाईला म्हणाला, "मावशी, टेन्शन घ्यायचं नाही. एक नंबर माल आहे."

यमुनाबाईने पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, "दादा, ह्यो पेरल्याव उगवंल का?"

कॅप्टन हसला. त्याला तो विनोद वाटला.

काठ फोडायचं नाव काढताच मात्र हसू गेलं. "आहेर साहेब, शर्यत आहे. बाहेरून लोक येणार आहेत. आणि ही जागा हद्दीबाहेर आहे, तुम्हीच सांगितलंय. हात लावलात तर मी वरपर्यंत जाईन." असं म्हणून तो काठावर चढून उभा राहिला, छाती काढून. वाडीतली माणसं खाली कुदळी घेऊन थांबली. शहरातला माणूस, ओळखी असलेला, केस करीन म्हणणारा. त्याच्या अंगावर कोण जाणार?

मी त्याच्या बुटांकडे पाहत होतो. पावसाने काठाची माती धुऊन काढली होती आणि आतले दगड उघडे पडले होते. त्यांना चुना लागलेला होता. एकावर तर आमच्या बुरुजाचा आकडा काळ्या रंगात अर्धा शाबूत होता. कॅप्टनच्या लोकांना खाली दगड जमवायचा कंटाळा आला असणार. वर आयता रचलेला ढीग दिसला, तोच त्यांनी ढकलून आणला. साठ-सत्तर वर्षं ज्या दगडांना गुराख्यानेही हात लावला नव्हता, ते या जंगल जगणाऱ्यांनी उचलले होते.

"टाकसाळे," मी म्हटलं, "ही जागा हद्दीबाहेर आहे, मान्य. पण तुम्ही ज्यावर उभे आहात ती हद्द आहे. ती हलवणं गुन्हा आहे. खाली उतरा. मी माझे दगड घेऊन चाललोय."

त्याने वाकून पाहिलं. तो उतरला. मी वाडीच्या माणसांना सरकारी दगड वर न्यायला सांगितलं. ते त्यांनी इतक्या उत्साहाने नेले, की घटकाभरात काठ नाहीसा झाला आणि पाणी आपल्या जुन्या ओहळाला लागलं. पंचनामा झाला, शर्यत रद्द झाली, आणि ग्रुपने रविवारसाठी दुसरा डोंगर शोधला.

दिवाळीत यमुनाबाईच्या त्या लहानशा खाचरातून पायलीभर कोळपी निघाली. खायला नाही, पण पेरायला पुरेल इतकी. मला तर सण झाल्यासारखं वाटलं.

आणि एके दिवशी कॅप्टन पुन्हा वाडीत उगवला. आता त्याने नवीन भाषा शिकली होती. "मावशी, हे वाण वाचलं पाहिजे. मी माझ्या फार्महाऊसवर संवर्धन करणार." तिने त्याला त्या पेरायच्या पायलीतलंच अदलीभर भात मोजून दिलं. मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"त्याला कशाला दिलंत, यमुनाबाई? त्या माणसाला?"

"बी मागाया आलेल्याला नाय म्हनू नाय, साहेब. उद्या आपलं गेलं, तर त्याच्याकडनं मागता येतं."

पुढच्या महिन्यात माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. फार्महाऊसचं अंगण, सायकली झाडांना टेकवलेल्या, मध्ये केळीच्या पानावर वाफाळता भात आणि भोवती हसरा ग्रुप. खाली कॅप्टनने लिहिलं होतं, "दुर्मिळ कोळपी. घोटीच्या गिरणीतून खास सडून आणली. काय चव आहे, साहेब!"

मी तसाच गाडी काढून वाडीत गेलो. यमुनाबाई अंगण सारवत होती. फोटो तिच्यापुढे धरला आणि तोंडाला येईल ते टाकसाळेला बोललो. उद्धट, नालायक, अक्कलशून्य. आजवर पोटात साठलेलं सगळं ओकलो.

तिने शेणाचा हात लांब धरून फोटो नीट पाहिला. पानावरचा भात पाहिला, हसणारे चेहरे पाहिले. मग पुन्हा खाली वाकून सारवायला लागली.

"खाल्लं व्हय?" ती म्हणाली. "आसू द्या, साहेब. भूक लागली आसंल."