अष्टग्रहीच्या शनिवारी

मी देव मानत नाही हे मारेगावात सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच ते सांगत फिरायचो. शाळेत मास्तर होतो, वय सत्तावीस, यवतमाळला ट्रेनिंग करून आलेला. माझ्यावर काही संकट कोसळलं म्हणून श्रद्धा उडाली, असं काही नव्हतं. लहानपणापासूनच मूर्तीपुढे उभा राहिलो की मनात काहीच व्हायचं नाही. बाकीच्यांना काहीतरी होतं, आपल्यालाच होत नाही, याचं आधी वाईट वाटायचं. मग पुस्तकं वाचली आणि त्याचाच अभिमान वाटायला लागला.

बासष्टच्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, अशी बातमी पंचांगातून, वर्तमानपत्रांतून, आणि त्यापेक्षा जास्त बाजारातून गावात आली. शनिवारी संध्याकाळी सुरुवात होणार आणि अडीच दिवस धोका. मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला. होमासाठी घरोघरून तूप, तीळ, लाकडं गोळा व्हायला लागली. वर्गातली मुलं कमी होत गेली. "जगच राह्यलं नाही तर पोरगं शिकून काय करन?" असं एका बाईनं मला दारातूनच सांगितलं. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

चावडीपुढच्या चहाच्या टपरीवर मात्र मला उत्तरं सुचायची. तिथं एका म्हाताऱ्या पाटलांनी मला विचारलं, "गुरुजी, समजा तो खराखुरा समोर येऊन उभा राह्यला, अन् म्हनला, काहून रे, मले मानत नव्हता? तर?"

"बसा म्हणेन. एक कप सांगतो म्हणेन."

सगळे हसले. मी आणखी चढलो. शनिवारी संध्याकाळी सगळं गाव होमाला बसेल तेव्हा मी याच बाकावर बसून चहा पिणार, असं जाहीर करून टाकलं. टपरीवाला म्हणाला, "मी दुकान बंद ठेवनार हाय, गुरुजी." पुन्हा हशा पिकला. 

त्या आठवड्यात माझं कशातच मन लागेना. फळ्यावर गणित लिहायला घ्यायचो आणि अर्ध्यात थांबायचो. जेवताना उठून दारापर्यंत जाऊन यायचो. आठ ग्रहांनी काही होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. भूगोल मीच शिकवत होतो. तरी पाय एका जागी ठरत नव्हते.

शाळेतले एक सहकारी छप्पन साली सगळ्या घरादारासकट बौद्ध झाले होते. मधल्या सुटीत मी त्यांना विचारलं, "तुम्हाला या दिवसांत काही वाटतं का हो?"

ते म्हणाले, "आता नाही वाटत. पण तेव्हा वाटलं होतं. दीक्षा घेऊन आलो अन् आमच्या आजीनं सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. सोडताना मोठी धीट होती. मग आठ दिवस झोपली नाही. गोठ्यात गाय खोकली तरी उठून बसायची, देवी आली म्हणायची. नवव्या दिवशी तिला झोप लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

"मग?"

"मग काय? उठली अन् भूक लागली म्हणाली." ते हसले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पण तिनं देव सोडले ते त्यांनी तिला कधी देवळात घेतलं नाही म्हणून. तिच्या मनात काही टोचत नव्हतं. तुम्हाला काही टोचून राह्यलं का?"

घंटा झाली असं सांगून मी उठलो. घंटा व्हायला अजून वेळ होता.

रस्त्याच्या कडेला एका चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनपत्रा, आणि पाण्याचं एक घमेलं. चाचा साठीचे असतील. पाच वेळा नमाज पढायचे आणि माझ्या नास्तिकपणावर कधी एक शब्द बोलायचे नाहीत. गुरुवारी मी सायकल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"चाचा, गावात सगळे घाबरलेत. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कायची?" ते एक ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. "कयामत तारीख देऊन येत नसते, गुरुजी. ज्याले तारीख मालूम हाय तो एकच, अन् तो पंचांग लिहीत नाही." मग मान वर न करता म्हणाले, "पन तुमी या हप्त्यात सायकल तिसऱ्यांदा आनली. तिले काई झालं नाही. तुमाले काय झालं ते बोला."

मी त्यांच्या लाकडी खोक्यावर बसलो आणि त्यांना जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी माझी माय गेली. भादव्याचे दिवस होते. माझ्या गावी, आमच्या घरात, ती खाटेवर होती आणि श्वास तुटत होता. मी उशाशी बसलो होतो. धाकटी बहीण पाणी आणायला गेली होती. माय म्हणाली, "राम म्हन रे, माह्या कानात."

आधी मी म्हटलं, "डॉक्टर येतो आहे, माय." तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी, ट्रेनिंग झालेला, पुस्तकं वाचलेला तिचा मुलगा, तिला म्हणालो, "माय, मी ते मानत नाही. तुझ्यापाशी खोटं कसं बोलू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बहीण घागर घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. घागर तिथंच ठेवून ती धावत आली आणि मायच्या कानाशी लागून राम राम म्हणायला लागली. पण मायला ते ऐकू गेलं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. दुपारी ती गेली. तेराव्यानंतर बहीण सासरी गेली आणि माझ्याशी बोलणं बंद झालं. राखी आली नाही. मी पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही.

चाचांनी ट्यूब पाण्यातून काढली, पुसली, मांडीवर ठेवली.

"मला आठ ग्रहांची भीती नाही, चाचा," मी म्हणालो. "पण समजा वर खरंच कुणी असेल, तर तो मला दुसरं काही विचारणार नाही. एवढंच विचारेल."

"नाही विचारनार," चाचा म्हणाले.

"म्हणजे?"

"नमाज चुकली, रोजा चुकला, तर तो त्याचा मामला हाय. माफ करन तो. पन मानसाचं दिल दुखवलं त्यात अल्ला पडत नाही, असं आमच्या मौलवीसाबनं सांगतलं. तो म्हनते, जा, पहिले त्या मानसाची माफी आन. मग माह्याकडे ये."

"ती तर गेली."

"बहीन हाय ना?" त्यांनी सायकल माझ्याकडे ढकलली. "अन् इले आता घरी ठेवा. मोटारीनं जा."

शनिवारी सकाळी मी यष्टीत बसलो. गाडीत कंडक्टर धरून आम्ही सहा जण. कंडक्टर म्हणाला, "आज कोनी घराबाहेर पडून नाही राह्यलं, गुरुजी. तुमी कुठं?" मी राळेगावकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. "कोनी सिरीयस हाय का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

फाट्यावर उतरून चार मैल चालायचं होतं. एरवी त्या दिवसांत कापसाची शेवटची वेचणी चालते, वावरात बाया दिसतात, हाका ऐकू येतात. त्या दिवशी कुणी नव्हतं. फुटलेला कापूस झाडाला तसाच लोंबत होता. मी भरभर चालत होतो, मधेच थांबत होतो, एकदा तर अर्धा फर्लांग मागेही फिरलो. मी आत्ताच का जातो आहे? दीड वर्ष का गेलो नाही? जग बुडणार नाही हे ठाऊक असलेला माणूस जग बुडायच्या दिवशीच माफी मागायला निघतो, याचा अर्थ काय होतो? अर्थ मला कळत होता आणि म्हणूनच लाज वाटत होती.

पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. देवळाकडून भजनाचा आवाज येत होता. बहीण ताट घेऊन दारातून बाहेर पडतच होती. ताटात हळदकुंकू, नारळ, निरांजन. कडेवर वर्षाची मुलगी. ती मुलगी मी पहिल्यांदाच बघत होतो. मेहुणे आधीच देवळात गेले होते.

ती उंबऱ्यावर थांबली. "आता काहून आला, भाऊ? भेव वाटलं?"

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "हो," एवढंच म्हणालो.

तिनं ताट खाली ठेवलं. मग तीही खाली बसली, उंबऱ्यावरच, आणि रडायला लागली. मी समोर अंगणात उभा. मुलगी आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "पण मी तेव्हा खोटं बोलू शकत नव्हतो गं. माझा विश्वास नव्हता."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मायले कुठं पाह्यजे होता तुह्या विश्वास? तिले तुह्या आवाज पाह्यजे होता. एवढा शिकला अन् तुले एवढं समजलं नाही?"

 इतक्या दिवसांत मी स्वतःची बाजू मनात किती तऱ्हांनी मांडली होती, त्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"चल आता देवळात," ती उठत म्हणाली. "हे पोरगी धर."

मी गेलो. हे मी लपवत नाही. मुलीला कडेवर घेऊन मी देवळाच्या ओट्यावर, खांबाला टेकून उभा राहिलो. बहीण आत बायकांत बसली. सूर्य बुडत आला तसे टाळ जोरात वाजायला लागले. पंचांग घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं हात वर केला आणि ओरडला, "लागली! घटका लागली!" माणसं जमिनीवर डोकं टेकायला लागली. एक धट्टाकट्टा गडी लहान मुलासारखा हुंदके देत होता. मुलीनं घाबरून माझ्या गळ्याला मिठी मारली. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून राम हा शब्द निघाला. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. दोन वेळा, कदाचित तीन वेळा.

काही झालं नाही. धूळ खाली बसली, गाई घरी आल्या, कुणीतरी कंदील लावले. रात्रभर भजन चाललं आणि लोकांच्या आवाजातली भीती हळूहळू कमी होत गेली.

मला सोमवारी शाळा होती म्हणून रविवारी सकाळीच निघालो. बहिणीनं तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि भाकर बांधून दिली. गावाच्या वेशीपर्यंत आली. तिथं तिनं विचारलं, "काल तू देवाचं नाव घेतलं का रे? खरं सांग."

"नाही," मी म्हणालो. "तुझ्यासाठी आलो होतो, देवासाठी नाही."

मरणाऱ्या मायपाशी ज्याला खोटं बोलता आलं नाही, तो मी बहिणीपाशी सहज खोटं बोललो. का, ते वाटभर मला कळेना. हो म्हटलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं!

मारेगावात माझी पुरती बदनामी झाली होती. शनिवारी मी बाकावर नव्हतो, गावातच नव्हतो. "गुरुजी पळाले," असं पोरंसुद्धा म्हणायला लागली. पाटील भेटले की कुठल्या देवळात लपला होता म्हणून विचारायचे. मी काहीच बोलायचो नाही, कारण देवळात तर मी होतोच. चाचांनी फक्त एकदा विचारलं, "भेटली?" मी हो म्हटलं. ते पुन्हा स्पोक घट्ट करायला लागले.

त्यानंतर राखी यायला लागली. दिवाळीला जाणं-येणं सुरू झालं. बोलणं पहिल्यासारखं झालं म्हणणार नाही. मायचा विषय निघाला की आम्ही दोघंही दुसरं काही शोधायचो. मी देव मानत नव्हतोच. वर्गात तसं सांगणं मात्र सोडून दिलं. टपरीवर कुणी विचारलं तर विषय बदलायचो, आणि लोकांना वाटायचं गुरुजी सुधारले.

सदुसष्ट साली उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघं वडीच्या डाळीतले खडे वेचत बसलो होतो. मी एकदम म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. नाव घेतलं होतं मी."

तिनं मान वर केली नाही. "मालूम हाय मले. तुह्ये ओठ हालून राह्यले होते. मी आतून पाह्यलं."

"मग वेशीवर विचारलं कशाला?"

"तू सांगतो का ते पाहाले." थोडा वेळ ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "भेवानं घेतलं का मायसाठी?"

मी त्या संध्याकाळचा तो गोंगाट, मुलीचे गळ्याभोवती आवळलेले हात, सगळं पुन्हा चाचपून बघितलं. मायचा चेहरा त्या क्षणी डोळ्यांपुढे होता का? होता असं म्हणावंसं वाटत होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"पाच वर्सं झाले," ती म्हणाली, "अन् अजून तुले माहीत नाही?" तिच्या आवाजात राग होता की कीव, तेही मला नीट कळलं नाही. वाटेनं जाणारी एक मजूर बाई दारात पाणी मागायला आली होती. बहीण सूप बाजूला सारून उठली आणि तिला पाणी द्यायला गेली.