आम्ही पुलावरून उठलो तेव्हा

ढाणकीजवळच्या आमच्या गावात माझं शिलाईचं दुकान आहे. पहाटे फिरायला जायची सवय जुनी. आम्ही चौघे दोस्त नाल्याच्या पुलापर्यंत चालत जायचो आणि मग तासभर कठड्यावर गप्पा हाणत बसायचो.

दोन वर्षांमागे त्या रस्त्यावर तीन पोरी धावायला लागल्या. पोलीस भरतीची तयारी. त्यातल्या एकीची ट्रॅक पँट मीच कंबरेत आवळून दिली होती. पोरी जवळ आल्या की आमच्यातला एक जण, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्यांना ऐकू जाईल असं काहीबाही बोलायचा. बाकीचे दोघे हसायचे. मी हसत नसे. चपलेतला खडा काढत बसे आणि आपण यांच्यासारखे नाही म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेई.

मग पोरी यायच्याच बंद झाल्या.

पंधरा दिवसांनी ती ट्रॅक पँटवाली आईचा ब्लाउज शिवायला टाकायला आली. मी सहज विचारलं, "काहून व, धावणं सोडलं का?"

"पुलावर तुमी बसता ना काका."

"मी तं कधी काही बोललो नाई, बाप्पा!"

"हो," ती म्हणाली, "तुमी काहीच बोलले नाई."

ती निघून गेली. दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

"मी लगन होऊन आली तवापासून त्या पुलावरून एकटी गेली नाई," ती पोळी वाढत म्हणाली. "वावरात जाताना आमी साऱ्या बाया देवळामागून फेरा घेतो. तुमाले मालूम नोहतं?"

नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुलावर गेलो, पण बसलो नाही. म्हटलं, "आजपासून इथं बसाचं नाई."

तो शाळेपासूनचा दोस्त हसला. "तुले काय झालं बे? थ्या काय तुह्या पोरी हाय?"

"नाई. माह्या असत्या तरच बोलावं लागते काय?"

"गंमत करतो यार आपण."

"मंग एकदा घरी जाऊन इचार, बायाईले गंमत वाटते का ते."

तो उठला नाही. मी एकटाच माघारी निघालो. आयुष्यभराची दोस्ती मागे सोडून चाललो होतो. लिंबाच्या वळणावर मागून चपला वाजल्या. बाकीचे दोघे येत होते.

तिसऱ्या दिवशी दोस्त दुकानात आला. बराच वेळ कापडाचे तुकडे चिवडत उभा राहिला. मग म्हणाला, "इचारलं मी घरी. तिनं जे सांगितलं ना, थे तुले नाई सांगू शकत." डोळे लाल होते त्याचे.

आम्ही चौघे त्या पोरीच्या घरी गेलो. दोस्तानं तिच्या आईसमोर माफी मागितली. मी जोशात म्हणालो, "आता आमी रस्त्यावर उभं राहून तुमची राखण करू!"

"राखण नको काका," पोरगी म्हणाली. "बसू नका, बस. आन दुसरं कोणी बसलं तं त्याईले उठवा."

काम सोपं नव्हतं. मोकळा कठडा पाहून मोटारसायकलवाले येऊन बसू लागले. पण दोस्ताचा पहाडी आवाज अखेर सत्कारणी लागला. "काढा रे गाड्या! रस्ता पोरीईचा हाय!" एकदा एकानं त्याची कॉलर धरली, तरी तो हटला नाही. आम्ही तिघे धावत जाऊन त्याच्या बाजूला उभे राहिलो. गाड्या निघून गेल्या.

पोरी परत धावायला लागल्या. तिघींच्या पुढे अकरा झाल्या.

या हिवाळ्यात भरतीची यादी लागली. तिघींपैकी दोघी निवडल्या गेल्या, ट्रॅक पँटवालीसुद्धा. डफडं वाजवत मिरवणूक निघाली. गुलालानं न्हालेल्या बाया भर रस्त्याच्या मधोमध नाचत होत्या, गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा. आम्हा पुरुषांना कडेकडेनं चालावं लागलं. माझी बायको त्या घोळक्यात शिरली, पदर खोचला आणि दोन्ही हात वर करून अशी नाचली, की मी तिला ओळखायलाच क्षणभर चुकलो.