थकलेले हत्ती

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाला शिखर नाही. गाव साकोली तालुक्यातलं, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि एक मोठा तलाव. तलावाच्या पाळीवर हे काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. जाणकार त्याला हेमाडपंती म्हणतात, चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून बांधलेलं. गावाचं म्हणणं निराळं. हत्तींनी एका रात्रीत सगळे दगड वाहून आणले, शिखराचे तेवढे राहिले आणि कोंबडा आरवला. जो हत्ती जिथे होता तिथेच भिंतीत अडकला. म्हणून बाहेरच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर सतरा हत्तींची रांग आहे. होती, असं लिहायला हवं.

या गोष्टीमुळेच आमच्याकडे इथे हात जोडून प्रदक्षिणा घालत नाहीत. उजवा हात भिंतीवर ठेवायचा आणि एकेका हत्तीच्या पाठीवरून फिरवत पुढे जायचं. बिचारे थकलेत आणि अजून उभेच आहेत, म्हणून. एकही सुटू नये म्हणून महादेवाची असूनही प्रदक्षिणा पूर्ण घालतात. हे मी आईकडून शिकलो. पुढे चित्रकलेचा मास्तर झालो तेव्हा वर्गातल्या पोरांना हेच हत्ती काढायला लावले. रिटायर होईपर्यंत कलेची माझ्या हातून झालेली सेवा एवढीच.

आई आता नव्वदीला टेकली आहे. काचबिंदूने तिचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती चाचपडते, मोरीच्या उंबऱ्याला रोज ठेचकाळते. देवळाच्या भिंतीला हात लागला की मात्र तिला माझी गरज उरत नसे. हा तुटक्या सोंडेचा, हा मागे वळून पाहणारा, ही पिल्लू पोटाशी घेतलेली. प्रत्येकाशी थांबून घरचं काहीबाही सांगायची. नातीला दिवस गेले, गाय आटली, सगळं.

"वो माय, देव आत बसला हाये, त्याले सांग ना," मी चिडवायचो.

"देवाले इचारनारे लय हायेत बापू. ह्यायले कोन इचारते?"

मागच्या महाशिवरात्रीला माझे व्याही दर्शनाला आले होते. तुमसरला त्यांची राईस मिल आहे. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिली आहे. माणूस मनाचा खरोखर चांगला. आईला हाताला धरून त्यांनीच प्रदक्षिणेला नेलं. झिजलेल्या दगडाची एक कपची आईच्या बोटात शिरली आणि रक्त आलं. आई म्हणाली, काही नाही, नेहमीचंच. पण व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मास्तर, मायचे हात सोलून राह्यले. या भिंतीले काहीतरी करा लागते," ते म्हणाले.

देवळाच्या कमिटीच्या पुढच्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की देवळाला बाहेरून पूर्ण टाइल लावून देतो. सभामंडपात कमिटीची सगळी माणसं बसली होती. सगळ्यांनी हर हर महादेव केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी कमिटीत, मी चित्रकलेचा मास्तर, त्यातून आई माझी. नाही म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो मलाच होता. मी तोंड उघडलं आणि व्याही हसून म्हणाले, "तुमच्या मायसाठीच करून राह्यलो ना जी." त्या क्षणी मला लेकीचा चेहरा दिसला. तिचे सासरे भर सभेत माझ्या आईच्या नावाने दान देताहेत आणि मी त्यांना दगड समजावून सांगू? मी मान डोलावली. माझ्याइतका भित्रा मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल.

आडून प्रयत्न केले. भंडाऱ्याला जाऊन एका कार्यालयात फोटो दाखवले. तिथल्या साहेबांनी कौतुकाने पाहिले, देऊळ संरक्षित यादीत नाही म्हणाले आणि चहा पाजला. चहा पिऊन मी एसटीने परत आलो.

धान घरी आल्यावर काम लागलं. मिस्त्री भला माणूस होता, काम चोख करणारा. टाइल बसायला भिंत सपाट लागते. सोंडा मधे येत होत्या, त्या त्याने छिन्नीने उतरवल्या. उरलेल्यावर सिमेंट थापलं. मी दोन दिवस समोर उभा होतो. "गुरुजी, सावलीत बसा ना," असं तोच मला म्हणाला. पिल्लू पोटाशी घेतलेल्या हत्तिणीपाशी छिन्नी आली तेव्हा मी तलावाकडे तोंड केलं. आवाज काही थांबवता आला नाही.

आई देवळात ने म्हणायची. मी म्हणायचो काम सुरू आहे, ऊन आहे, तुझा गुडघा दुखतोय. असं करत यंदाची महाशिवरात्र आली. आता टाळणं शक्य नव्हतं.

देऊळ पांढरंशुभ्र झालं होतं, आमच्या मोरीला आहे तसल्याच चकचकीत टाइलचं. दारापाशी, हत्ती होते त्याच उंचीवर, काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली होती. तीवर खोल अक्षरांत आईचं नाव. व्याह्यांनी हे मलाही सांगितलं नव्हतं. ते बाजूला उभे राहून कौतुकाने पाहत होते.

आईने सवयीने उजवा हात भिंतीवर टेकवला. तो घसरला. तिने पुन्हा टेकवला, चार पावलं चालली आणि थांबली.

"बापू, तू मले कुठी आनलं?"

"देवळातच, माय."

"हे देऊळ नोहे. काहून थट्टा करतं?"

घंटा वाजत होती, बेलाचा वास येत होता, मागे रांग खोळंबली होती. तरी तिचा विश्वास बसेना. आख्खी प्रदक्षिणा तिने हात वरखाली करत, टाइलच्या सांध्यांत नखं घालत पुरी केली. एकाही हत्तीशी बोलली नाही. खरं सांगावं असं दहादा वाटलं, पण ते सांगायचं कोणत्या तोंडाने?

दारापाशी तिचा हात पाटीवर गेला. बोटं खोदलेल्या अक्षरांत अडकली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"एक राह्यला वाटते, बापू!" ती हळूहळू, एकेका अक्षरावरून, पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवू लागली. "लय बारीक झाला गा हा. थकला असशीन ना रे बाबा?"

शेजारी व्याह्यांनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, आईला नाव कळलं.

"हाये ना रे बापू? हत्तीच हाये ना?"

"हो माय," मी म्हणालो, "हत्तीच हाये."

तिने बोटं कपाळाला लावली आणि आपल्याच नावावर डोकं टेकवलं.