मंगलचा गिलास पडला तेव्हा कोण कुठं पळालं

भूत, जिन्न, करणी... माझा कशावरच विश्वास नाही. आमचे अब्बा नांदेडला शिलाईच्या मशीनवर बसून म्हणायचे, "रिकाम्या माणसालाच जिन्न दिसतात, बेटा." मी पडले नर्स, रिकामी होणार कधी? तरी हे लिहितेय, कारण राग अजून उतरलेला नाही.

लातूर. कोचिंग क्लासच्या भागातलं खासगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, पाटी अजून झगमगतेय. पहिल्या मजल्यावर ट्रेनिंगचा हॉल, दुसऱ्यावर आमचा वॉर्ड. निम्मे पेशंट क्लासची पोरं – अंगात डेंग्यू आणि उशीखाली फिजिक्स.

माझ्या जोडीला मंगल. लहानपणी भूकंपात तिचे आई-बाप गेले, मावशीनं पत्र्याच्या शेडमध्ये वाढवलं. त्या शेडांत रिवाज होता – झोपताना उशाशी स्टीलचा एक गिलास पालथा घालायचा, त्याच्या बुडावर दुसरा उभा करायचा. जमीन हलली की वरचा खणकन पडणार, माणसं बाहेर पळणार. मंगल नर्स झाली तरी आमच्या काउंटरवर तिचे दोन गिलास कायम. बोलायची कमी. हसायची तर न्हाईच.

हाच तिचा गुन्हा! मॅनेजमेंटनं पुण्याहून ट्रेनर आणला – इमोशनल इंटेलिजन्स. पेशंटचं मन कुणाला कळतं, त्याचे म्हणे मार्क. नापास झालं की घरी. मंगलचं घर तिच्याच पगारावर चालायचं.

भर दुपारी हॉल गच्च भरलेला. ट्रेनर साहेबांनी वॉर्डातून मंगलचे गिलास मागवले, टेबलावर एकावर एक रचले. "बघा! ही नर्स अजून भूकंपातच राहते. पेशंटला काय हवं? स्माइल! तुमच्या वॉर्डातली ती अर्धापूरची मुलगी घ्या. ताप उतरलाय, आज डिस्चार्ज. मला हसून म्हणाली, 'एकदम मस्त, सर!' सिस्टर, तुम्ही हसून दाखवा बरं."

मंगल उभी राहिली. "कशाला, सर?"

मी मागून म्हणाले, "सर, तिच्या वाटणीचं मी हसते, चालेल का?" हॉलभर खसखस पिकली.

आणि... खण्ण!

वरचा गिलास फरशीवर. टेबलाला कुणाचा हात नाही. शेजारच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललेलं नाही.

"भूकंप!" कोण ओरडलं सांगू? खुद्द साहेब! मागे पडद्यावर अक्षरं झळकतायत, 'भावनांवर ताबा', आणि साहेब जिन्यावरून खाली. त्यांच्यामागे एचआर मॅडम, मॅडममागे डॉक्टर, सगळी वरात थेट पार्किंगमध्ये.

मंगल मात्र वर पळाली. मी तिच्यामागे, धापा टाकत. "अगं येडे, खाली चल!"

"आपा, भुई हलली न्हाई."

ती थेट अर्धापूरच्या पोरीजवळ गेली. पोरगी हसतच होती. मंगलनं तिचे तळपाय धरले. बर्फ!

"पोट दुखायलंय का गं?"

"न्हाई सिस्टर... रविवारी टेस्ट हाय, मला जाऊ द्या ना."

"खरं बोल, माय."

तेव्हा कुठं ते हसू गळून पडलं. "लई दुखायलंय हो..."

बीपी पार खाली गेलेलं. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे आम्हाला शिकवलेलं. पण हसणाऱ्या पोरीचे पाय कोण चाचपतंय? डॉक्टरांना मी पार्किंगमधून अक्षरशः ओढत आणलं. सलाईन, आयसीयू... वाचली.

"हीच खाट, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय माहीत, आपा. पाय तिकडंच गेले."

भूकंप? त्या दिवशी लातुरात कुणालाच जाणवला नाही. वॉर्डात एक सलाईनची बाटलीसुद्धा झुलली नव्हती.

आता निकाल ऐका. ट्रेनिंग अर्ध्यात सोडलं म्हणून मंगल नापास. तिच्या हातात नारळ. आणि सगळ्यांच्या आधी पळालेल्या साहेबांना शाल, श्रीफळ, फोटो! मी एचआर मॅडमना विचारलं, "साहेबांना पळण्याचे किती मार्क दिले?" मॅडम मोबाइलमध्ये बघायला लागल्या.

मंगल आता नांदेडला एका छोट्या दवाखान्यात आहे. जाताना म्हणाली, "आपा, गिलास इथंच राहू द्या. इथं लागतील."

मी ते काउंटरवर तसेच रचते. ट्रॉली आदळते, दारं धडाधड आपटतात, वरचा गिलास ढिम्म. मग त्या दुपारी का पडला?

गेल्या वर्षी तेच साहेब पुन्हा आले, नव्या पोरींना स्माइल शिकवायला. मी स्वतः जाऊन त्यांच्या टेबलावर एक गिलास पालथा घातला, दुसरा वर ठेवला. "पाण्यासाठी, सर."

बिचारे सबंध वेळ बोलले – नजर गिलासावर, एक पाय दाराकडे. गिलास काही पडला नाही.

मी मात्र शेवटपर्यंत हसत होते. पैकीच्या पैकी मार्क!