नळीतलं रेशीम

थोरलीने बादलीत डाग काढायची पावडर टाकली, कोमट पाणी ओतलं आणि सासूबाईंचा रेशमी स्कार्फ जेमतेम अर्धा बुडवला, तेवढ्यात तिची धाकटी जाऊ चपलाही न काढता आत धावली.

"ताई, काढा! आधी तो बाहेर काढा!"

"अगं, घर पेटलं की काय?"

"त्या पावडरीत एन्झाइम असतं. डाग खातं, तसं रेशीमही खातं."

थोरलीने स्कार्फ वर ओढला. पिळता पिळता म्हणाली, "कमाल आहे बाई! माझ्या बादलीत खातं, आणि तू तुझ्या नळ्यांत मुद्दाम घालतेस तर तिथे ढिम्म. तिथलं काय रुसून बसलंय?"

धाकटी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

ती प्रयोगशाळेत काम करायची. तिथे रेशमाचे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण करत. त्यांच्या पोटात कॅन्सरचं औषध भरायचं. पेशीने तो कण गिळला की तिच्या आतल्या आंबट पिशवीतली एन्झाइमं त्याला फोडणार आणि औषध नेमकं तिथे सुटणार, असा बेत. कण फुटलाच नाही तर औषध आत अडकायचं आणि रेशीम अंगात साठत जायचं. धाकटीच्या काचेच्या नळ्यांत हे कण, तसंच आंबट पाणी आणि तेच एन्झाइम होतं. पहिल्या दिवशी कणांनी दुधाळ झालेलं पाणी जरासं निवळलं, मग जे थांबलं ते थांबलंच. प्रमुख बाईंनी सांगून टाकलं होतं, "पुढच्या बैठकीपर्यंत काही हललं नाही, तर रेशीम बंद." रेशीम बंद म्हणजे धाकटीची जागाही बंद. लग्नाआधीपासून ती या कणांच्या मागे होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्येही जावेचा टोमणा तिच्या डोक्यात घोळत होता. रेशीमच हट्टी आहे, की खाणाराच गारठलाय? प्रयोगशाळेत जाऊन तिने जुन्या नळीतलं पाणी गाळून घेतलं आणि त्यात ताजे कण टाकले. दुसऱ्या नळीत तेच कण आणि ताजं एन्झाइम. संध्याकाळपर्यंत ताजी नळी निवळायला लागली. जुनी होती तशी दुधाळ.

"बाई, रेशमाचा काही दोष नाही," तिने जाऊन सांगितलं. "एन्झाइमच स्वतःला खाऊन संपलंय. आपण एकदा घालून मोकळे झालो."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि हे तुझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही?"

"नाही बाई."

"चला, मूर्खपणात सोबत तरी मिळाली. रोज ताजं घाल."

सुट्टीच्या दिवशीही धाकटी जाऊन एन्झाइम बदलून यायची. तिचा नवरा कुरकुरला, "तुझ्या नळ्यांना रोज ताजं, आणि मला कालचं!" थोरली मात्र समई उजळावी तशी उजळली. "बघ, देवाने शरीरात रोज नवं करायची सोय ठेवलीय. नळीत ती कोण करणार? तूच." आणि त्या दिवसापासून तिच्या प्रार्थनेत नळ्याही आल्या.

बैठकीच्या दिवशी बाईंनी नळी उजेडात धरली. पलीकडची त्यांची बोटं स्पष्ट दिसत होती. कण आणि नुसतं आंबट पाणी असलेली, एन्झाइम न घातलेली नळी शेजारी पांढरीच होती. म्हणजे काम आंबटपणाचं नव्हतं, एन्झाइमचंच होतं.

"हा तळाचा गाळ?"

"रेशमाचा घट्ट बांधणीचा भाग आहे, बाई. सैल भाग आधी जातो. पण हाही रोज कमी होतोय."

बाईंनी नळी जागेवर ठेवली.

"नळीत जमलं म्हणजे पेशीत जमेलच असं नाही."

"नाही, बाई."

"मग जिवंत पेशीत बघ. औषध भरून."

"म्हणजे रेशीम चालू?"

"चालू नाही तर काय! जा आता, उभी काय राहिलीस?"

धाकटी शेजारच्या इमारतीतून पेशींची बाटली आणायला निघाली.