खर्ड्याचं तांब्याभर पाणी

जानेवारी १९७१, दुसरा रविवार. हजर : मी, आमचे हे आणि मामंजी. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या, मामंजींची काठी.

नगरहून पहिल्या एसटीनं जामखेड, तिथून खर्डा. खर्ड्याच्या लढाईत आमचे पूर्वज पेशव्यांकडून लढले आणि निजामाला हरवून परतले, असं मामंजी घरातल्या प्रत्येक लग्नात उभं राहून सांगत. वैशाखात नातीचं लग्न होतं. त्याआधी ती जागा डोळ्यांनी बघायचीच, हा त्यांचा हट्ट.

किल्ला दिसताच ते आमच्या पुढं चालायला लागले. तटावर चढून काठीनं माळ दाखवला. "आपण तिकडून आलो. निजाम इथं आत कोंडला. त्याचं पाणी आपण तोडलं."

"तुम्ही होतात वाटतं," हे म्हणाले.

"तू गप चढ वर."

दुपारी माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंकडे जेवण होतं. पानं वाढून झाल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं आणि म्हणाल्या, "बसा आता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे लग्नकार्यात पंगतीआधी हेच करतात. दुसऱ्या कुठल्या घरात मी ते पाहिलं नव्हतं. कशासाठी करायचं, हे आमच्या सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

मामंजींनी विचारलं, "हे कशासाठी?"

"किल्ल्यात तहानेनं मेली त्यांच्या नावानं. आमी निजामाकडचं ना. जी आत हुती, त्यांच्याच घरात ही रीत हाय. बाहेरच्यांना कशाला लागंल?"

मला वाटलं, मामंजी आता पानावरून उठतात. त्यांनी उंबऱ्याबाहेरची ओली माती बघितली. "म्हणजे आपण आत होतो," ते म्हणाले. मग एकदम मान वर करून, "अहो बाई, मग वाचलो कसे?"

जेवण उरकून पुन्हा किल्ला. मामंजींना आता तट नको होता. पाणी कुठं साठवत असतील, माणसं कुठल्या सावलीला बसली असतील, सगळं आतून बघायचं होतं. आम्ही दोघं मागं धावत होतो. परतीची एसटी थोडक्यात मिळाली.

गाडीत त्यांनी लग्नात सांगायची गोष्ट नव्यानं जुळवली. राहता राहिली संगमनेरच्या भाऊजींची ओसरी. तिथल्या भिंतीवर त्यांनी 'खर्ड्याचे विजेते' असं तेलरंगात लिहून घेतलेलं. "ते पुसून घ्यायचं काम तुझं," मामंजी मला म्हणाले. "तुझं तो ऐकतो."

लग्नात गोष्ट झाली. वाढपीसुद्धा ऐकत थांबले. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, गोष्ट छान आहे. पण रंग पक्का आहे."

भिंत अजून तशीच आहे.